काकू, आमचं माप पहिल्यांदा तुम्ही घेतलंत

ती. काकूंना सा. न. वि. वि.

परवा राजेंद्रनगरला तुमच्याकडे आले ते खरं तर आमच्या क्रिकेट संघाचे कपडे तुम्ही नीट करून दिलेत त्याचे आभार मानायलाच. तुम्ही विषयच काढू दिला नाहीत. आधी पोहे, मग चहा, मग "किती वाळलीस गं", मग डोळ्यांच्या ऑपरेशनची हकिगत. जिना उतरताना ठरवलं की आता लिहायचं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं. म्हणजे मधेच "पुरे आता" म्हणून मला गप्प करता येणार नाही तुम्हाला.

2005 सालची गोष्ट. मी पंधरा वर्षांची, डावखुरी मध्यमगती गोलंदाज. बाहेरगावी दोन दिवसांचे सामने होते आणि चार दिवस आधी आमच्या संघासाठी कपड्यांचं एक गाठोडं आलं. मुलांचे वापरलेले पांढरे शर्ट नि पँटी. महिला क्रिकेट तोवर बीसीसीआयकडे, म्हणजे देशाच्या क्रिकेट मंडळाकडे आलंही नव्हतं, ते 2006 मध्ये आलं. काहीतरी मिळालं याचाच आम्हाला आनंद होता. घालून बघितलं तेव्हा कळलं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. हात वर नेला की अख्खा शर्ट पँटीतून बाहेर. पँट कमरेला इतकी सैल की नाडीनं आवळावी लागे, आणि मांड्यांना इतकी घट्ट की धावता येत नसे.

आईचे ब्लाऊज तुमच्याकडे शिवायला असत, म्हणून रामबागेतल्या त्या जिन्याखालच्या खोलीत गाठोडं घेऊन आले. वाटलं होतं, तुम्ही खालून दुमडून टीप मारून द्याल. मी टेपसमोर सरळ उभी राहिले, तर तुम्ही म्हणालात, "अशी उभी राहून खेळतेस का? टाक बघू बॉल." मग अंगणात तीन पावलं धावून मी रिकाम्या हातानं चेंडू टाकत राहिले आणि तुम्ही टेप घेऊन माझ्या पाठीमागे. पाच-सहा वेळा टाकायला लावलंत. "हात वर गेला की पाठीत दोन बोटं कापड कमी पडतंय," असं स्वतःशीच पुटपुटलात आणि बाही उसवायला घेतलीत. मुंढा वर घेतलात, काखेत दुसऱ्या शर्टाचा चौकोनी तुकडा जोडलात. आमच्या विकेटकीपरला तर तुम्ही उकिडवं बसवून आसनाचं माप घेतलंत. "हिला दिवसभर असंच बसायचंय ना? मग उभ्यानं माप घेऊन काय उपयोग?"

त्या दुपारी तुम्ही विचारलं होतं, मोठ्या पातळीवर बायका खरंच क्रिकेट खेळतात का. मी ऐटीत सांगितलं, आपल्या इंदूरच्याच संध्या अग्रवाल यांनी 1986 मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरच्या कसोटीत 190 धावा केल्या, तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. तुम्ही तोंडातली टाचणी काढून म्हणालात, "अगंबाई! मग तिचे कपडे कुणी शिवले असतील?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

आता जे लिहिणार आहे त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चौदा जोड तयार होते. माझी पँट हातात देताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आत बघ. कुणाला सांगत बसू नकोस." आत कमरेपासून मांडीपर्यंत मांजरपाटाचं दुहेरी अस्तर होतं, धुऊन मऊ केलेलं, आणि कमरपट्टीच्या आतल्या बाजूला टिचबटणाचा छोटा खिसा. चौदाही पँटींना. आम्ही कुणी मागितलं नव्हतं. मागायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. पांढऱ्या कपड्यांत ते चार दिवस आले की मुली पोट दुखतंय सांगून बसून राहत. ज्या खेळत, त्यांचं निम्मं लक्ष पाठीमागे. दर दोन-तीन षटकांनी कुणीतरी कुणाच्या तरी कानात म्हणायचंच, "जरा मागे बघ ना गं." सूर मारायचा प्रश्नच नव्हता.

त्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी माझेच दिवस आले. सलग नऊ षटकं टाकली मी. रन-अपला परत जाताना शर्ट खोचावा लागला नाही आणि कुणाला मागे बघ म्हणावं लागलं नाही. बळी दोनच मिळाले, पण चेंडू सुटताना फक्त चेंडूचाच विचार मनात असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे मी फार वर जाऊ शकले नाही, तरी आज मुलींना शिकवते आहे ती त्या नऊ षटकांमुळे.

काकू, टेनिसच्या विम्बल्डन स्पर्धेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे बायकांना पुरुषांइतकी बक्षिसाची रक्कम 2007 मध्ये मिळाली. पण पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळायला 2023 उजाडलं. सोळा वर्षं! पैसे आधी सुटले, कापड नंतर. तुम्ही ते रामबागेत दोन-तीन दिवसांत केलं होतंत. आणि आपल्याकडचं सांगायचं तर बीसीसीआयची प्रशासक समिती सांभाळलेले विनोद राय यांनी पुढे सांगितलं, की पुरुषांचे गणवेश कापून, पुन्हा शिवून महिला खेळाडूंना दिले जात होते. म्हणजे भारतीय संघाचीही तीच गत! ते वाचलं तेव्हा मला रडू आलं. आमचं निदान नशीब असं की कापणारे हात तुमचे होते.

आता बरंच बदललंय. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये बीसीसीआयनं सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख, बाई असो की पुरुष. आधी बायकांना कसोटीचे 4 लाख मिळत. वार्षिक करारात मात्र दरी तशीच राहिली, 2024-25 मध्ये पुरुषांच्या सगळ्यात वरच्या श्रेणीला 7 कोटी आणि बायकांच्या वरच्या श्रेणीला 50 लाख. लोक म्हणतात, पुरुषांचा खेळ कमावतो म्हणून त्यांना जास्त. मला हे पटत नाही. ज्यांना वर्षानुवर्षं मैदान उरलंसुरलं, वेळ उरलेली आणि कपडे उतरलेले दिले, त्यांनी कमावलं किती हे कुठल्या तोंडानं विचारायचं?

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर, 19 ऑक्टोबरला, होळकर स्टेडियमवर विश्वचषकाचा भारत-इंग्लंड सामना होता. माझ्या अकरा मुलींना घेऊन गेले होते. आपल्या मध्य प्रदेशची, छतरपूर जिल्ह्यातल्या घुवाऱ्याची क्रांती गौड भारताच्या त्या संघात, त्यामुळे पोरींच्या ओरडण्याला सुमार नव्हता. स्मृती मानधना 88 वर बाद झाली आणि हातातला सामना 4 धावांनी गेला. पोरी रडवेल्या झाल्या. पुढे 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा याच पोरी आमच्या गच्चीवर नाचल्या. पण त्या दिवशी होळकरवर, तुम्हाला खरं सांगते, मी बराच वेळ खेळ पाहतच नव्हते. खांद्याच्या शिवणी पाहत होते. जिथल्या तिथे होत्या, काकू. प्रत्येकीच्या.

माझ्या पोरींचं मात्र अजून तसं नाही. दुकानात 'लेडीज फिट' म्हणून मिळतं ते मोठ्यांच्या मापाचं, बारा वर्षांच्या पोरीला पुन्हा मुलांचाच शर्ट. म्हणून एमटी क्लॉथ मार्केटमधून पांढरं कापड आणि चार मीटर मांजरपाट आणून ठेवलंय. तेव्हा तुम्ही चौदा जोडांचे फक्त दोऱ्याचे पैसे घेतले होतेत. या वेळी शिलाई पूर्ण घ्यायची, ती तुमच्या सुनेच्या हातात देईन.

रविवारी सकाळी दोघींना घेऊन येते. एक विकेटकीपर आहे, एक माझ्यासारखीच डावखुरी. डोळ्यांनी आता सुईत दोरा ओवता येत नाही म्हणालात ना, दोरा मी ओवीन. तुम्ही फक्त खुर्चीत बसा आणि हात वर गेल्यावर कापड कुठे ओढतंय तेवढं सांगा.

तुमची,
चौदाजणींतली डावखुरी
इंदूर