हौशी म्हणजे नवशिका नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयर्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींत नाव काढणाऱ्या एका तरुण हौशी जॉकीबद्दल गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर चौकट आली होती. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला दहा-बारा ओळी मिळाल्या, याचं आधी कौतुक करतो. पण शीर्षकातली ‘नवशिक्याची कमाल’ आणि आतलं ‘घोडा तयारीचा असल्याने हौशी स्वारालाही जिंकता आले’ हे वाक्य, दोन्ही खटकली. म्हणून हे पत्र.

मी मंचरचा, बँकेतून निवृत्त झालेला. रेसमधला जाणकार वगैरे अजिबात नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर आयुष्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा पन्नास-पन्नास रुपये घालवून परत आलो. मुलगी आणि जावई आयर्लंडला किल्डेर परगण्यात नेस गावी राहतात. (स्पेलिंगवरून आपण ‘नास’ म्हणू, पण तिथे तसं म्हटलं की माणसं गोंधळतात.) 2023च्या जानेवारीत आम्ही दोघं तिकडे तीन महिन्यांसाठी गेलो. चार वाजता अंधारून येणार, बाहेर भुरभुर पाऊस. घरात बसून कंटाळलेला सासरा बघून जावयांनी मला गावच्या रेसकोर्सवर नेलं.

दिवसाची शेवटची शर्यत होती. हातातल्या रेसच्या पुस्तकात एरवी जॉकींची नुसती नावं, पण या शर्यतीत प्रत्येक नावाआधी ‘मिस्टर’ छापलेलं, दोन ठिकाणी ‘मिस’. मी म्हटलं, ही शर्यत वडीलधाऱ्या मंडळींची दिसते. जावई हसले, म्हणाले, थांबा जरा. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, ‘मिस्टर’ मंडळी आली तर काय, निम्म्यांना अजून धड मिसरूड फुटलेलं नव्हतं! ‘मिस्टर’ याचा अर्थ एवढाच, की हा गडी पैसे घेत नाही. धंदेवाईक जॉकीला दर स्वारीमागे ठरलेली रक्कम मिळते, शिवाय बक्षिसात वाटा. हौशी जॉकीला यातलं काही नाही.

या शर्यतीला ‘बम्पर’ म्हणतात. अंतर साधारण दोन मैल, वाटेत उडी मारायला काही नाही. पुढे उड्यांच्या शर्यतीत उतरवायच्या कोवळ्या घोड्यांना गर्दीची आणि वेगाची सवय व्हावी म्हणून ती असते. जुन्या काळी हौशी स्वार खोगिरावर धपाधप आदळत जायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. त्या नावात चेष्टा आहे खरी, पण आज आयर्लंडमध्ये बहुतेक बम्पर हौशी स्वारांसाठीच राखीव असतात, आणि लाखो युरोंचे घोडे मालक त्यांच्या हाती निर्धास्त देतात. नवशिक्याच्या हाती कोण देईल?

हे हात तयार होतात रविवारी, शेतांत. तिथे ‘पॉइंट-टू-पॉइंट’ नावाच्या शर्यती होतात. 1752 साली कॉर्क परगण्यात दोघांची पैज लागली आणि ते बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, मनोऱ्याच्या रोखाने, कुंपणं-ओढे ओलांडत घोडे फेकत गेले. या शर्यती त्याच वंशातल्या. त्यांत फक्त हौशी स्वार. अंतर बहुधा तीन मैल, वाटेत बर्चच्या काटक्या गच्च बांधून केलेले अडथळे. पुढच्या रविवारी जावयांनी मला अशा एका शर्यतीला नेलं. कुणाच्या तरी चढावरच्या कुरणात चिखल तुडवत उभे होतो. मोटारी, कुत्री, गमबूट घातलेल्या आज्या, लाकडी पेटीवर चढून ओरडणारे बुकी. मला थेट आमच्या जत्रेतला बैलगाड्यांचा घाट आठवला, आणि बारीपुढे घोडी काढणारी आमच्याकडची पोरं.

आम्ही एका अडथळ्याला अगदी लागून उभे होतो. दहा-बारा घोडे आले तेव्हा आधी पायाखालची जमीन कळली, मग काटक्यांतून पोटं घासत गेल्याचा आवाज. त्यातला एक घोडा उतरताना गुडघ्यांवर गेला आणि वरचा पोरगा चेंडूसारखा पुढे फेकला गेला. तो उठला नाही. डोकं पोटात घेऊन, हातपाय आवळून तसाच पडून राहिला, शेवटचा घोडा अंगावरून जाईपर्यंत. मागून मला समजलं की हे मुद्दाम शिकवलेलं असतं. घाबरून उठून पळणाऱ्याला मागचा घोडा चुकवू शकत नाही. मग तो उठला, तोंडातला चिखल थुंकला आणि आमच्याकडे बघून विचारलं ते एवढंच, “घोडा बरा आहे ना?” घोडा बरा होता. रिकाम्या खोगिरानिशी तो बाकीच्यांबरोबर पुढचे अडथळे मजेत मारत चालला होता. तासाभराने तोच पोरगा दुसऱ्या घोड्यावर. या कामाला आपण ‘हौस’ म्हणतो ते ठीक, पण ‘नवशिका’?

त्याच मुक्कामात, 15 मार्चला, मुलीच्या घरी टीव्हीवर इंग्लंडमधल्या चेल्टनमची ‘चॅम्पियन बम्पर’ पाहिली. या बम्परमध्ये धंदेवाईक जॉकींनाही मुभा असते. जिंकला ‘अ ड्रीम टू शेअर’, आणि वर होता अठरा वर्षांचा जॉन ग्लीसन, हौशी. घोड्याचे ट्रेनर जॉन कीली तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे. घोडा मुळात ग्लीसनच्या आईवडिलांच्या घरचाच. चेल्टनमच्या आधी तो जे. पी. मॅकमॅनस या बड्या मालकाने विकत घेतला. असा मालक पदरी नामवंत जॉकी बाळगून असतो. तरी त्याने घोडा घेतला आणि पोराला वरून उतरवलं नाही. ‘घोडा तयारीचा असल्याने’ म्हणताना याचाही विचार व्हावा. दुसरा आलेला ‘फॅक्ट टू फाइल’ काही खेचर नव्हता. 2025 साली त्याने चेल्टनमलाच ‘रायनएअर चेस’ ही उड्यांची मोठी शर्यत मारली.

आणि ग्लीसन हा काही एकटा चमत्कार नव्हे. हीच ‘चॅम्पियन बम्पर’ 1998 साली ‘अलेक्झांडर बॅन्क्वेट’वर जिंकणारा रुबी वॉल्श अठराचा आणि हौशी होता, पुढे तो त्याच्या काळातल्या सर्वांत मोठ्या उड्यांच्या जॉकींपैकी एक झाला. 2008 साली ‘कझन व्हिनी’वर जिंकणारा पॅट्रिक मलिन्स, तोही अठराचा, तोही हौशी. पॅट्रिक सहा फुटांहून उंच. एवढ्या देहाला धंदेवाईक जॉकीचं वजन राखणं अवघड, म्हणून हौशीच राहिला. 2012 साली त्याने वर्षभरात 74 शर्यती जिंकल्या आणि बिली पार्किन्सन यांचा 1915 पासूनचा 72 चा विक्रम मोडला. सत्त्याण्णव वर्षं टिकलेला विक्रम नशिबाने मोडत नाही.

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघ उतरतात. दिवसा नोकरी, रात्री तालीम. त्यांना ‘नवशिके’ म्हणायची कुणाची छाती आहे का?

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर मी तिकडचा भाट ठरेन. यात घराणी आहेत, आणि भरपूर आहेत. पॅट्रिकचे वडील विली मलिन्स आज आयर्लंडचे पहिल्या क्रमांकाचे ट्रेनर. स्वतः सहा वेळा हौशी विजेते, म्हणजे त्या हंगामात सर्वांत जास्त शर्यती जिंकणारे हौशी जॉकी. रुबीचे वडील टेड वॉल्श अकरा वेळा. पैसे न घेता घोड्यावर बसणं ज्याच्या घरी तबेला आहे त्याला परवडतं, हे उघड आहे. पण जॉकी रेचल ब्लॅकमोरचे वडील दूधधंदा करणारे शेतकरी आणि आई शिक्षिका. ती 2015 पर्यंत हौशी म्हणूनच शर्यतींत उतरत होती आणि 2021 साली ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली सर्वांत प्रसिद्ध उड्यांची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री ठरली. घराण्याबाहेरून येणाऱ्यालाही हीच वाट आहे, फक्त चढण जास्त.

किंमतही मोजावी लागते. जे. टी. मॅकनमारा हे सहाशेहून अधिक शर्यती जिंकलेले हौशी जॉकी. 2013 साली चेल्टनमला हौशी स्वारांच्याच शर्यतीत पहिल्या अडथळ्याला त्यांचा घोडा पडला आणि मानेखालचं शरीर लुळं झालं. 2016 साली ते गेले. एवढं पणाला लावणाऱ्या माणसांची जागा मात्र हळूहळू आक्रसते आहे. चेल्टनमची ‘नॅशनल हंट चेस’ 1860 पासून हौशी स्वारांची होती. 2025 पासून ती धंदेवाईकांनाही खुली केली. घोड्यांची सुरक्षितता, चुरस अशी कारणं दिली जातात, ती खोटीही नसतील. पण एक मोठा दिवस पोरांच्या हातून गेला तो गेलाच.

शेवटी एक दुरुस्ती. पॅट्रिक मलिन्सने 5 एप्रिल 2025 रोजी ‘निक रॉकेट’वर ग्रँड नॅशनल जिंकली, ती ‘हौशी जॉकीने प्रथमच’ असं चौकटीत म्हटलं आहे. ते चूक आहे. तीनच वर्षं आधी, 2022 साली, सॅम वेली-कोहेन या इंग्लिश हौशी स्वाराने ‘नोबल येट्स’वर ती जिंकली होती, आणि त्याआधी 1990 साली मार्कस आर्मिटेजने ‘मिस्टर फ्रिस्क’वर. कृपया दुरुस्ती छापावी.

आणि पुन्हा कधी या पोरांबद्दल छापाल तेव्हा नावाआधी ‘श्री.’ जरूर लावा, मग वय अठरा का असेना. तिथली रीत तीच आहे.

आपला,
एक वाचक
मंचर, जि. पुणे