अरबी क्रियापद : तक्त्याआधी जोडी

महोदय,

घरबसल्या परकी भाषा शिकण्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत मजकूर येतो, तेव्हा अरबीचे नाव निघाले की 'एकेका क्रियापदाची चौदा रूपे' हे वाक्य हमखास असते. नवशिका तिथेच हबकतो. पुढे पहिल्याच धड्यात त्याच्यासमोर चौदा ओळींचा तक्ता ठेवला जातो आणि पाठांतर सुरू होते. आमचे म्हणणे एवढेच की हा क्रम उलटा आहे. अडचण चौदा रूपांत नसून एकदोन ऱ्हस्व स्वरांत आहे, आणि ते स्वर आपण मराठी माणसे नेमके गिळतो.

आधी चौदाचा हिशेब. त्यात 'तुम्ही दोघे' आणि 'तुम्ही दोघी' वेगळे मोजलेले असतात, पण रूप दोघांचे एकच. म्हणजे तेरा. द्विवचनाची तीन आणि फक्त स्त्रियांच्या समूहासाठी असलेली दोन रूपे पहिले काही महिने बाजूला ठेवली, तर उरतात आठ : तो, ती, तू (पुरुष), तू (स्त्री), मी, ते, तुम्ही, आम्ही. शाळेत 'गच्छति गच्छतः गच्छन्ति' घोकलेल्यांना द्विवचनाचे नवल वाटणार नाही. अरबी तक्ताही संस्कृतसारखा 'तो'पासून सुरू होतो. फरक इतकाच की 'आम्ही दोघे' असे वेगळे रूप अरबीत नाही.

आता लिपीविषयी. या पत्रातल्या अरबी क्रियापदांत पाय मोडलेले अक्षर स्वराशिवाय वाचावे आणि पाय न मोडलेले प्रत्येक अक्षर 'अ'सकट वाचावे, शब्दाच्या शेवटचेसुद्धा. 'कतब' म्हणजे 'त्याने लिहिले'. त्यातला शेवटचा 'ब' पूर्ण आहे. मराठीत आपण 'कमळ' लिहितो आणि 'कमळ्' म्हणतो, त्यामुळे ही सवय मुद्दाम मोडावी लागते. का, ते पाहा : कतबत् (तिने लिहिले), कतब्त (तू, पुरुषाने), कतब्ति (तू, स्त्रीने), कतब्तु (मी). अरबी लिपीत ही चारही रूपे काफ, ता, बा, ता या चार अक्षरांनी अगदी सारखी लिहिली जातात, कारण ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. वाचणारा ते संदर्भावरून ओळखतो. बोलणाऱ्याला उच्चारावेच लागतात. दुसरी खोड शुद्धलेखनाची. मराठीत शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम हातात इतका बसलेला असतो की वहीत 'कतब्ती', 'कतब्तू' असे उतरते. अरबीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ फिरतो. कतब्ना म्हणजे 'आम्ही लिहिले', कतब्न म्हणजे 'त्या बायकांनी लिहिले'. म्हणून देवनागरीत अरबी छापताना कृपया पाय मोडावेत आणि ऱ्हस्वाला ऱ्हस्व राहू द्यावे. आणि महिन्याभरात शिकणाऱ्याने अरबी लिपीवर यावे. देवनागरी ही कुबडी आहे.

भूतकाळ म्हणजे मूळ अधिक शेपूट, इतकेच. कतब (तो), कतबत् (ती), कतब्त, कतब्ति, कतब्तु (मी), कतबू (ते), कतब्तुम् (तुम्ही), कतब्ना (आम्ही). शेपट्या सगळ्या क्रियापदांना याच. कतबूच्या शेवटी लिहिताना एक मुका अलिफ येतो. तो उच्चारत नाहीत, आणि पुढे 'ते', 'त्याला' असे सर्वनाम चिकटले की तो गळतो.

इथे मराठी बोलणाऱ्याची एक खास चूक होते, जी इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही. 'त्याने चिठ्ठी लिहिली' या वाक्यात आपले क्रियापद चिठ्ठीच्या लिंगाने जाते. अरबीत ते कर्त्याच्याच मागे जाते. 'रिसाला' (चिठ्ठी) स्त्रीलिंगी असली तरी लिहिणारा पुरुष आहे, म्हणून कतब. कतबत् म्हटले तर लिहिणारी बाई ठरते. वर्तमानकाळात मात्र आपली बाजू भक्कम आहे. 'तू जातोस, तू जातेस' हा भेद जिभेवर असल्याने तक्तुबु आणि तक्तुबीन आपल्याला चटकन जमतात. फक्त 'मी जातो, मी जाते' यासारखा भेद अरबी 'मी'मध्ये शोधू नये, तो नाही.

वर्तमानकाळात पुढेही जोडायचे आणि कधी मागेही : यक्तुबु (तो), तक्तुबु (ती), तक्तुबु (तू, पुरुष), तक्तुबीन (तू, स्त्री), अक्तुबु (मी), यक्तुबून (ते), तक्तुबून (तुम्ही), नक्तुबु (आम्ही). 'ती' आणि 'तू' यांचे रूप एकच, हे लक्षात आले की आठाची सातच राहतात. पुढे लागणारी अक्षरे चारच : अ, न, य, त. यापुढे 'स' लावला की भविष्यकाळ झाला : सयक्तुबु.

आता मुख्य मुद्दा. भूतकाळावरून वर्तमानकाळ पूर्णपणे सांगता येत नाही, कारण मधल्या व्यंजनाचा स्वर बदलतो. कतब–यक्तुबु (लिहिणे), जलस–यज्लिसु (बसणे), फतह–यफ्तहु (उघडणे) : भूतकाळी तिन्ही एकाच साच्याची, वर्तमानात तीन वाटांनी गेलेली. म्हणून क्रियापद एकटे पाठ करूच नये. भूत आणि वर्तमान ही जोडी, आणि जमल्यास तिसरे क्रियावाचक नाम, असे त्रिकूट एका दमात म्हणावे : जलस–यज्लिसु–जुलूस, फतह–यफ्तहु–फत्ह. (मराठीतला 'जुलूस' आणि 'फत्ते' इथूनच आले, तेव्हा अर्धे पाठांतर झालेलेच असते.) नुसती 'कतब म्हणजे लिहिणे' अशी शंभर शब्दांची यादी केलेल्याला वर्तमानकाळ आला की ती सगळी पुन्हा करावी लागते.

थोडा आधार मात्र मिळतो. भूतकाळात मध्ये 'इ' असेल तर वर्तमानात बहुतेक 'अ' येतो : शरिब–यश्रबु (पिणे), फहिम–यफ्हमु (समजणे). मध्ये 'उ' असेल तर 'उ'च राहतो : कबुर–यक्बुरु (मोठे होणे). अनिश्चितता उरते ती मुख्यतः मध्ये 'अ' असलेल्यांची. त्यातही मुळातल्या तीन व्यंजनांपैकी दुसरे किंवा तिसरे घशातले असेल, तर 'अ'कडे कल असतो. फतहमधला 'ह' तसा आहे. पण यावर विसंबून राहू नये. दखल–यद्खुलु (आत जाणे) यात 'ख' घशातला असूनही 'उ'च आहे. कोशात धातूच्या पुढे हा स्वर दिलेला असतो. शब्द उतरवून घेताना तोही उतरवावा.

सराव तक्ता वरून खाली म्हणून करू नये. तसा केलेल्याला 'तुम्ही बसता' विचारले की तो मनात 'तो'पासून मोजत खाली उतरतो, आणि बोलताना तेवढा वेळ नसतो. त्यापेक्षा बारा क्रियापदे घ्यावीत, कागदाच्या तुकड्यांवर फक्त मराठी वाक्य लिहावे ('ती बसते', 'आम्ही प्यायलो'), तुकडे पिसावेत आणि तोंडाने उत्तर द्यावे. बारा क्रियापदे, आठ पुरुष, दोन काळ : 192 तुकडे होतात. रोज 20 उचलले तर दहा दिवसांत फेरी पूर्ण होते. चुकलेले वेगळे ठेवून दुसऱ्या दिवशी आधी घ्यावेत.

नकार लांबणीवर टाकू नये, कारण अरबीत नकाराने क्रियापदाचे रूपच बदलते. ला यज्लिसु : तो बसत नाही. लन् यज्लिस : तो बसणार नाही. लम् यज्लिस् : तो बसला नाही. शेवटचा 'उ' पहिल्यात टिकला, दुसऱ्यात 'अ' झाला, तिसऱ्यात गेला. लम्‌चा अर्थ भूतकाळाचा असला तरी त्यापुढे रूप वर्तमानाचे लागते. 'लम् जलस' ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक. जिथे शेवटी 'न' आहे तिथे लन् आणि लम् दोन्हींपुढे तो न गळतो : यज्लिसून, पण लम् यज्लिसू. एका क्रियापदाची ही चार वाक्ये (बसला, बसला नाही, बसत नाही, बसणार नाही) एकत्र म्हणायची सवय लावली की निम्मे व्याकरण वेगळे शिकावे लागत नाही.

आज्ञार्थ या लम्‌च्या रूपातून निघतो. तक्तुब् घ्या, पुढचा 'त' काढा, उरते क्तुब्. सुरुवातीला दोन व्यंजने अरबीला चालत नाहीत, म्हणून पुढे स्वर लावायचा : मध्ये 'उ' असेल तर 'उ', नाहीतर 'इ'. उक्तुब्, इज्लिस्, इफ्तह्. मध्ये 'अ' पाहून 'अफ्तह्' म्हणण्याचा मोह होतो; पण तो 'मी'चा उपसर्ग झाला. स्त्रीला उक्तुबी, अनेकांना उक्तुबू.

जुळणीच्या बाबतीत दोन खाचा आहेत. क्रियापद कर्त्याच्या आधी आले तर कर्ता अनेकवचनी असूनही ते एकवचनीच राहते : कतबल्-औलादु (मुलांनी लिहिले). कर्ता पुढे आला की मात्र अल्-औलादु कतबू. आणि निर्जीव वस्तूंचे अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन मानतात : 'पत्रे पोहोचली' म्हणजे अर्-रसाइलु वसलत्.

मग येतात ती दुबळ्या अक्षरांची क्रियापदे, म्हणजे ज्यांच्या मुळात व किंवा य आहे. यांना 'अनियमित' म्हणणे अन्यायाचे आहे. काल (म्हणणे, उच्चार घशाजवळच्या 'क'ने) याचे मूळ क-व-ल. काल, कालत्, कालू. पण कुल्तु, कुल्ना. कारण एकच : दीर्घ स्वरानंतर स्वरहीन व्यंजन आले तर अरबी तो स्वर आखडून घेते. तीच गोष्ट यकूलु, पण लम् यकुल्. आणि आज्ञार्थ कुल्, पण स्त्रीला कूली, कारण तिथे पुढे स्वर परत आला. सार–यसीरु (चालणे) याचे सिर्तु होते, कारण मुळात य आहे. हे एक कारण समजले की ओळीने पाठ करायचे पान वाचते. तरीही पहिल्या आठवड्यात हे घेऊ नये, अगदी 'काल' सतत वापरले जात असले तरी.

साधित रूपांची भीती सर्वांत जास्त घातली जाते आणि ती सर्वांत कमी खरी आहे. मूळ तीन अक्षरांवरून ठरावीक साच्यांनी नवी क्रियापदे बनतात. नेहमीच्या वापरातले साचे मुळासकट दहा. त्यांत मधल्या स्वराचा तो गोंधळच नसतो, साचा कळला की वर्तमान निश्चित. मधले अक्षर दुहेरी करणारा दुसरा साचा घ्या : हस्सल–युहस्सिलु–तह्सील. ही आपली तहसील. त्याच मुळाचे हासिल आणि महसूल. तसवीर, तारीख, तफसील त्याच साच्यातल्या. चौथा साचा : अर्सल–युर्सिलु–इर्साल, म्हणजे पाठवणे, जुन्या मराठी कागदांत भरणा पाठवण्याला 'इरसाल' म्हणत तो हाच. लक्षात ठेवायचे एकच : दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या साच्यात पुढचा उपसर्ग 'य' नसून 'यु' असतो.

बोलीभाषांबद्दल थोडक्यात. रोजच्या बोलण्यात बहुतेक ठिकाणी द्विवचनाची रूपे आणि शेवटचे ऱ्हस्व स्वर गळतात, इजिप्तमध्ये वर्तमानाच्या पुढे 'ब' लागतो, आणि मोरोक्कोकडे 'मी'लासुद्धा 'न' लावतात. वर्तमानपत्र वाचायचे असेल तर वरचा क्रम. फक्त बोलायचे असेल तर कुठे बोलायचे ते आधी ठरवावे.

राहता राहिला कोश. अनेक अरबी कोश मुळाच्या क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे उपसर्ग सोलून मूळ काढता आले पाहिजे. इस्तेमाल शोधायचा तर 'इस्त' सोलावे. इन्किलाब शोधायचा तर 'इन्' सोलून क-ल-ब पाहावे. इन्कारही तसाच दिसतो, पण त्याचे 'इन्' सोलले तर हाती काही लागत नाही. तो चौथ्या साच्यातला आहे. मूळ न-क-र, आणि तो नून या अक्षराखाली सापडतो.

आपले,
अरबी शिकवणारे काही वाचक