मी मांडवी धावून ओलांडली

रायबंदर,
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय उल्हास,

आठ महिने पत्र नाही, फोनवर 'निवांत बोलू रे' एवढंच, आणि आता एकदम जाड पाकीट. काहीतरी भानगड आहे हे तू ओळखलंच असशील. आहे. तुझ्या मुग्धानं मला पकडलंय. ती तुला सांगेल त्याआधी मीच सांगतो. तिनं आधीच सांगितलं असेल तर पहिल्यांदाच ऐकतोयस असं तोंड करून वाच.

तब्येत ठीक. साखर काठावर, दाब गोळीवर. शुभाचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरले, आता गप्प आहेत.

मी धावायला लागलोय हे तुला ठाऊक आहे. शुभानं वहिनींना सांगितलं, वहिनींनी तुला, आणि तू फोन करून पाच मिनिटं नुसता हसलास. मेल्या, ते हसणं मला लागलं होतं. पण हसायचा हक्क जगात कुणाला असेल तर तुलाच, म्हणून गप्प बसलो.

सुरुवात शिमगा संपल्यावर झाली. डॉक्टर 'चाला' म्हणाले होते. भाच्यानं 'मामा, चालायला काय, म्हशीपण चालतात' म्हणून फोनमध्ये नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम घालून दिला. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या कुणा अमेरिकन पोरानं पन्नाशीतल्या आपल्या आईला सोफ्यावरून उठवायला तो बेतला म्हणे. आठवड्यातून तीनच दिवस. पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धाव, ९० सेकंद चाल, असं वीस मिनिटं. ६० सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पहिल्या दिवशी चाळिसाव्या सेकंदाला मला माझी सगळी देणी आठवली. तेवढ्यात कानात एक बाई म्हणाली, 'आता चाला.' देवाची वाणी रे! तीस वर्षांत शुभाचं ऐकलं नसेल इतकं मी त्या बाईचं ऐकलं.

जागा मात्र राजेशाही. घरातून उतरलं की कॉजवे. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये जांभ्याच्या कमानींवर घातलेला, ३.२ किलोमीटर, नावाला चढ नाही. पणजीकडे तोंड केलं की उजवीकडे मांडवी, डावीकडे मिठागरं. पहाटे साडेपाचला पोदेराची, म्हणजे आपल्या पाववाल्याची, सायकल आणि मी, दोघंच. तो पों पों करत पुढे निघून जायचा, पाठीमागे गरम उंड्यांची टोपली, आणि मी त्या वासामागे. तो माणूस खरा प्रशिक्षक.

नऊ आठवड्यांचे माझे अठरा झाले, कारण नापास झालेला आठवडा पुन्हा करायचा असा माझा नियम. (नववीत तू मला 'रिपीटर' म्हणाला होतास, आठवतं? तिमाहीत एकदा गणितात गेलो होतो, एवढ्यावरून.) पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी तो इसम आईला सलग वीस मिनिटं धावायला लावतो. आदल्या वेळी आठ मिनिटं, चाल, आठ मिनिटं, आणि पुढच्या वेळी थेट वीस. आई होती की दुश्मन! माझ्या वाट्याला तो दिवस मे महिन्यात आला. आपल्याकडचा मे तू पुण्यात बसून विसरला असशील. घाम येतो पण वाळत नाही, हवाच ओली. घाम वाळला नाही की अंग निवत नाही आणि छाती भात्यासारखी चालते. भाच्यानं सांगितलं होतं, बोलता येईल इतक्याच वेगानं धाव. बोलणार कुणाशी? मी एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलो. तोच, ज्यासाठी तू सरांचा मार खाल्लास आणि मी तुला मुद्दाम चुकीचा सांगितला. 'एकोणतीस सत्ते दोनशे तीन' एका श्वासात आलं तर वेग बरोबर, तुटलं तर हळू. हळू म्हणजे किती, तर एक म्हातारे पाद्री छत्री घेऊन मला मागे टाकून गेले. पण वीस मिनिटं झाली. मी कठड्याला टेकून रडलो रे. बाई कानात 'शाब्बास' म्हणाली आणि मी तिला 'थँक्यू' म्हणालो.

इथपर्यंत सगळं छान. गोची पुढे आहे.

जुलैत सलग तीस मिनिटं झाली आणि कार्यक्रम संपला. दुसऱ्या दिवशी बूट घालून उभा राहिलो, तर कानात कुणीच नाही. दहावा आठवडाच नाही त्यात. मग माज केला. तीनाचे सहा दिवस केले. पंधरा दिवसांत डाव्या नडगीच्या आतल्या कडेला वीतभर दुखायला लागलं, बोट लावलं तरी जीव जाई. हाडांचे डॉक्टर म्हणाले, दम लवकर येतो, हाडाला वेळ लागतो, तुम्ही हाडाला विचारलंच नाही. दोन आठवडे विश्रांती. मग चवथ आली. पाच दिवस गावच्या घरी, गणपतीवरची माटोळी बांधायला मी शिडीवर, नेवऱ्या किती खाल्ल्या ते विचारू नकोस. परतलो तेव्हा नडगी पूर्ण बरी होती. माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं, आणि मी धावत नव्हतो.

पण सांगू कुणाला? शुभानं बिल्डिंगभर केलं होतं. ऑफिसातला नवा पोरगा 'सर, बूट कुठले घेऊ' विचारायला येत होता, आणि मी त्याला गंभीरपणे सांगत होतो की बूट सातआठशे किलोमीटरांत मरतात. माझे शंभरात होते. शिवाय डिसेंबरातल्या वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनला दहा किलोमीटरमध्ये नाव घालून बसलो होतो. त्यामुळे रोज साडेपाचला उठायचं, बूट घालायचे, फोनवरचं धावणं-मोजणारं सवयीनं चालू करायचं, आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर जाऊन बसायचं.

एक दिवस पलीकडच्या चोडण बेटाची फेरी लागलेली होती. चढलो. थंड वारा, खारफुटीत बगळे. पलीकडे उतरलोच नाही, तसाच परत. मग आणखी एकदा. घरी येऊन फोन बघतो तर काय, 'अभिनंदन, ३.९ किलोमीटर'! फेरीचा वेग आणि माझा वेग त्या यंत्राला सारखाच वाटला असणार. खोडून टाकणार होतो. पण शुभा चहा घेऊन आली, फोनात डोकावली आणि म्हणाली, "लागलास ना परत? मला काळजी वाटत होती." तिला काय सांगू?

पहिला दिवस चुकून. पुढचे दहा मुद्दाम. एकूण अकरा वेळा मी मांडवी धावून ओलांडली. फेरीवरचा माणूस दोरी सोडताना माझ्या बुटांकडे बघून विचारी, "कितें भाऊ, आयजूय?" आणि मी मान हलवी. काही दिवशी तर वेग इतका चांगला पडला की मलाच अभिमान वाटला. इथवर माणूस जातो.

आणि मग तुझी लेक. मी विसरलो होतो की मार्चमध्ये मीच तिला त्या फोनच्या यादीत घेतलं होतं, काकाचा पराक्रम बघायला. तिनं नकाशा पाठवला. निळ्या नदीच्या मधोमध सुतासारखी सरळ रेघ, गेली आणि आली, गेली आणि आली. खाली लिहिलं होतं, "काका, पाण्यावरून धावलात? पाय नाही ना ओले झाले?"

उल्हास, तू तिला शाळेची ती गोष्ट सांगितली आहेस का? खरं सांग. सांगितली नसशील तर मग ते रक्तातच आहे. कारण म्हार्दोळला शर्यतीचं बक्षीस घेऊन मी खाली उतरलो तेव्हा तू माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघून विचारलं होतंस, "तुझे पाय ओले कसे?" रस्त्यानं मंगेशीला जाऊन आलेल्या सगळ्या पोरांच्या पायांवर लाल धूळ होती आणि माझ्या घोट्यापर्यंत कुळागरातल्या पाटाचा काळा चिखल. मी म्हणालो, नळावर धुतले. नळाला चिखल येतो का, एवढंही तू विचारलं नाहीस. मी तिसरा, तू चौथा. चौथ्याला काही नव्हतं.

तीन महिने बोलला नाहीस. मग माझ्या आजोळच्या फणसानं समेट झाला, आणि ती गोष्ट आपण फणसाखाली पुरली ती आजपर्यंत. आज लिहून देतो: सुपारीच्या कुळागरातून मधली वाट मी घेतली. पाटावरची फळी मोडली म्हणून पाय बुडाले, नाहीतर तुला कळलंही नसतं.

तुझ्या कंपासपेटीत शिवनाथ सिंगचं कात्रण चिकटवलेलं होतं. अनवाणी धावणारा, माँट्रियल ऑलिंपिकला अकरावा आलेला, १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन संपवणारा. त्याच्यासारखा तूही चपला काढून संध्याकाळी एकटा मैदानाला फेऱ्या मारायचास. बघायला कुणी नाही, मोजायला कुणी नाही. मी पायरीवर बसून शेंगा खायचो आणि म्हणायचो, अकराव्याचं कात्रण कसलं चिकटवतोस? तू म्हणालास, "अकरावा आला, पण पूर्ण रस्ता धावून आला ना." तेव्हा मी हसलो होतो.

त्या शर्यतीनंतर तू मैदानावर दिसला नाहीस. दहावीचा अभ्यास, असं तू म्हणालास आणि मला ते सोयीचं होतं. चाळीस वर्षं मी तेच धरून बसलोय. आता फेरीच्या कठड्याला धरून उभा राहिल्यावर कधीकधी मनात येतं, की अभ्यास नव्हता तो. विचारायला तोंड नाही. तरी विचारतो. आणि दुसरंही सांग, कानात कुणी नसताना तू त्या फेऱ्या कशा मारायचास रे? मला ते येत नाही. मला कुणीतरी 'आता धाव' म्हणायला लागतं, आणि झाल्यावर 'शाब्बास' म्हणायला. ते थांबलं की मी फेरीत चढतो.

मुग्धाला मी 'फोन बिघडलाय' असं उत्तर पाठवलं. पाठवलं आणि लगेच नळाची आठवण झाली. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. शुभाला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि म्हणाली, "मलाही ने एकदा फेरीवर." तिसऱ्या दिवशी फोन उशीखाली ठेवून निघालो. किती धावलो माहीत नाही. विजेचे खांब मोजत होतो, बाविसाव्याला थांबलो, चाललो, पुन्हा निघालो. पाढा 'एकोणतीस साता'लाच तुटत होता. याला आता पंधरा दिवस झाले. पाच वेळा गेलो. एकदा बूट घालून पुन्हा झोपलो. दहा किलोमीटर डिसेंबरात व्हायचे नाहीत, चालत पुरे करीन.

तुझं काय? सोसायटी पाडणार होते त्याचं कुठवर आलं? वहिनींच्या आईचं मोतीबिंदू झालं का? मुग्धाच्या नोकरीचे पेढे तू मार्चपासून देतोयस.

शेजारचा मुलगा मंगळवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर एक स्टीलचा डबा देतोय. झाकण घट्ट आहे, चमच्यानं उचक. वहिनींना सांग, आत यंदाची कोकमाची सोलां आहेत, मिठात मुरलेली, कडीला दोनच पुरे. डब्यावर मशीननं कोरलंय, 'क्रॉस कंट्री, तृतीय क्रमांक'. आईनं त्यात आयुष्यभर गूळ ठेवला, शुभा सोलां ठेवते. नाव कोरलेलं नाही, त्या वर्षी शाळेकडे तेवढे पैसे नव्हते.

डबा परत पाठवू नकोस.

तुझा,
सदा