मुतखडा: शस्त्रक्रियेला पॅकेज आहे, वाट पाहण्याला नाही

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा लागला की वृत्तपत्राच्या घडीतून हस्तपत्रके पडू लागतात. ‘भव्य मुतखडा निदान शिबिर, सोनोग्राफी मोफत, खडा आढळल्यास त्वरित लेझर, योजनेत बसल्यास खर्च शून्य.’ औशात माझे औषधांचे दुकान आहे. शिबिराहून परतणारी माणसे रिपोर्ट घेऊन आधी दुकानात येतात. डॉक्टरांना विचारायचे धाडस झाले नाही ते आम्हाला विचारतात. पुष्कळ रिपोर्टांवर चार-पाच मिलिमीटरचा खडा असतो, किडनीतच बसलेला, कुठे सूज नाही, त्रासही नाही. आणि सोबतच्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य: “डाक्टर म्हनले, लगेच काढा, न्हाईतर किडनी जाईल.”

असा खडा काढायची एवढी घाई सहसा नसते. किडनीतून उतरून मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या वाटेत, आलेला खडा पाच मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर शंभरातल्या साधारण ६८ जणांचा आपोआप पडतो. पाच ते दहा मिलिमीटरचा असेल तर ४७ जणांचा. म्हणून कळ गोळ्यांनी आटोक्यात राहत असेल, ताप नसेल, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल, तर चार ते सहा आठवडे थांबून पाहावे, असे मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. शिवाय सोनोग्राफीत लहान खडा आहे त्यापेक्षा मोठा दिसण्याची शक्यता असते, आणि मूत्रवाहिनीतला खडा कित्येकदा दिसतच नाही. नेमके माप आणि जागा सीटी स्कॅनमध्ये कळते. केवळ शिबिरातल्या सोनोग्राफीवर ऑपरेशनची तारीख ठरत असेल, तर थांबून दोन प्रश्न विचारायला हरकत नसावी.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट, असे मी म्हणत नाही. खड्याने वाट अडली आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री लातूर किंवा सोलापूर गाठायचे. तिथे एक दिवसाची वाट जिवावर बेतू शकते. लघवी बंद झाली, एकच किडनी आहे, दोन्ही बाजूंना अडथळा आहे, उलट्यांमुळे पाणीही ठरत नाही, अशा वेळी हुलग्याचे कढण आणि पानफुटीची पाने घरीच ठेवावीत. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा पाण्याच्या जोरावर पडेल, अशी आशाही कोणी लावू नये. लवकर काढण्याच्या बाजूने चांगला पुरावाही आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मोठा खडा काढतानाच बाकीचे लहान, न दुखणारे खडेही काढले, तेव्हा पुढच्या सरासरी चार वर्षांत १६ टक्के रुग्णांमध्येच त्रास उलटला किंवा खडे वाढले. ज्यांचे तसेच ठेवले त्यांच्यात ६३ टक्क्यांमध्ये. पण ती माणसे आधीच ऑपरेशनच्या टेबलावर होती. शिबिरात पहिल्यांदाच खडा दिसलेल्या, कधीही कळ न आलेल्या शेतकऱ्याला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही.

खरी अडचण ‘थांबा’ म्हटल्यानंतर सुरू होते. आमच्याकडे थांबणे म्हणजे विसरणे. कळ गेली की माणूस खडा पडला असे धरून चालतो. कधी खडा तिथेच अडकून राहतो, दुखत नाही, आणि किडनी आतल्या आत सुजून निकामी होऊ शकते. म्हणून वाट पाहणाऱ्याने लघवी गाळून घ्यावी, पडलेला खडा जपून तपासणीला द्यावा आणि ठरल्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करून घ्यावी. हे सगळे करायचे कुठे? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पॅकेज आहे, म्हणजे रुग्णालयाला ठरलेली रक्कम मिळते. ऑपरेशन न करता थांबलेल्याच्या फेरतपासणीला, दुसऱ्या सोनोग्राफीला, बसच्या भाड्याला आणि बुडालेल्या रोजगाराला काही नाही. मग गरीब माणसाला थांबणेच महाग पडते आणि ऑपरेशन फुकट. डॉक्टरांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. पैशाचा ओघ जिकडे, निर्णय तिकडेच झुकणार. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची गर्भाशये ज्या सर्रासपणे काढली गेली, त्याच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. तिथेही ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातल्याचे बायकांनी सांगितले होतेच.

त्याच ऊसतोड मजुरांची मुतखड्याची गोष्ट मात्र वेगळी आणि तितकीच गंभीर आहे. फडात दिवसभर उन्हात राबायचे, आडोसा नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात, आणि लघवी दाट झाली की खडा धरायला वेळ लागत नाही. आमच्याकडे सगळे खापर बोअरच्या जड पाण्यावर फोडतात. जड पाण्यापेक्षा कमी पाणी जास्त घातक. इटलीतल्या १९९६ च्या एका अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांमध्ये २७ टक्क्यांना. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, असे सांगतात. लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. टँकरच्या गावात हा सल्ला देताना माझी जीभ अडखळते. (दूध-दही बंद करणाऱ्यांसाठी जाता जाता: कॅल्शियम तोडून उपयोग नाही, उलट तोटा. तोडायचे तर मीठ तोडा.)

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते. दुर्बिणीने खडा काढल्यावर बऱ्याचदा आत नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांनी काढायची असते. दिवाळीच्या तोंडावर ऑपरेशन होते, लगेच कोयता उचलून माणूस पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, आणि नळी राहते पोटात. गोळ्या घ्यायला आलेल्याला ‘नळी काढली का’ विचारले, तर कधी कधी ‘कंची नळी?’ असा उलटा प्रश्न येतो. महिनोन्महिने राहिलेल्या नळीवरच खडे साचतात, ती काढायला पुन्हा ऑपरेशन लागते, कधी किडनीही जाते. एका खड्याच्या घाईतून हा दुसरा, मोठा आजार.

माझी सूचना साधी आहे. ऑपरेशन असो वा वाट पाहणे, रुग्णाच्या हातात मराठीत लिहिलेला एक कागद असावा: खडा किती मिलिमीटर, कुठे, कधीपर्यंत थांबायचे, कशाने लगेच परत यायचे, आणि नळी घातली असल्यास ती काढायची तारीख. उपजिल्हा रुग्णालयांनी आठवड्यातला एक दिवस या फेरतपासणीला द्यावा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र असतो. नळीच्या तारखेला रुग्णाला फोन करणे हे त्याच्याच कामात घालावे. आणि ती नळी साखर कारखान्याच्या भागातल्या योजनेच्या रुग्णालयातही, नवा पैसा न घेता, निघावी. हंगाम सुरू होण्याआधी एवढे झाले तरी पुरे.

आपला,
एक औषधविक्रेता
औसा, जि. लातूर