सातवे प्रकरण गाळू नकोस

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचे हस्तलिखित परवा रात्री एका बैठकीत वाचून काढले आणि काल पुन्हा पहिल्या पानापासून सावकाश वाचले. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारले आहेस की, वाचक बारा ते सोळा वर्षांचे असल्यामुळे सातवे प्रकरण गाळावे का, आणि शेवटी कोणा दयाळू माणसाने नायिकेची फी भरल्याचे दाखवावे का. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नको' असे आहे. ते इतके ठाम का आहे, हे नीट सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

वडिलांचे काम सुटलेले, आई अंथरुणाला खिळलेली, नवी वही मागायची सोय नाही. म्हणून सातव्या प्रकरणात तुझी चौदा वर्षांची नायिका रात्री उशिरापर्यंत गेल्या वर्षीची वही खोडरबराने खोडत बसते. मांडीवर रबराचा भुगा साचतो, कागद मधेच विरतो आणि लाल शाईतला 'छान' हा शेरा काही केल्या जात नाही. सकाळी धाकटा भाऊ त्याच कोऱ्या केलेल्या पानांवर पेनाने गाडी काढून ठेवतो आणि ती त्याच्या फाडकन थोबाडीत मारते. वाचकांच्या मनातून ती उतरेल, ही तुझी धास्ती मला समजते. पण मला ती खरी वाटू लागली ती नेमकी त्याच क्षणी.

वडील दीर्घ आजारात होते तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, हे तुला ठाऊक आहे. त्या वर्षी मी धाकट्या बहिणीवर क्षुल्लक कारणांवरून किती वेळा ओरडलो, हे मात्र तुलाही मी कधी सांगितले नव्हते. तेव्हा माझ्या हाती येणाऱ्या गोष्टींमधला गरीब मुलगा हमखास गुणी असे. तो कधी चिडत नसे, कोणाचा हेवा करत नसे आणि शेवटी पहिला येत असे. ती पुस्तके मिटली की मला वाटे, संकटात बाकी सगळे चांगले वागतात, वाईट तो मी एकटाच. मग 'पाडस' हाती आले. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 1938 सालच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला तो अनुवाद तूही वाचला आहेसच. हरणाचे पाडस शेतातले कोवळे पीक खाते, त्याला जीव लावून पाळणारा मुलगा ज्योडी जिवाच्या आकांताने कुंपण उंच करतो, आणि पाडस ते सहज ओलांडते. त्या कुटुंबाचे पोट पिकावरच अवलंबून असल्यामुळे पुढे पाडसाला गोळी घालावी लागते, पण त्यात दुष्ट असे कोणीच नाही. तरीही तो पोरगा आईवडिलांवर संतापतो, त्यांना नको नको ते बोलतो आणि घर सोडून जातो. मला ते वाचून रडू आले, पण त्याहून जास्त हायसे वाटले. हालअपेष्टा माणसाच्या फक्त अवतीभवती नसतात, त्या त्याच्या जिभेवर आणि हातातही उतरतात, हे कोणीतरी मान्य केले होते.

शेवटाबद्दल थोडक्यात सांगतो. फी भरणारा माणूस शेवटच्या वीस पानांत अवतरला, की आधीच्या दीडशे पानांत तिने स्वतः घेतलेले निर्णय फुकट जातात. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' 1967 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्यातल्या आईबापाविना राहणाऱ्या तीन भावांना सोडवायला कोणी श्रीमंत काका येत नाही. आपली ताटातूट होईल ही त्यांची भीती कथेत सतत जागी राहते, म्हणून त्यांचे एकमेकांना धरून राहणे मनाला भिडते. तुझ्याकडेही बहीणभावांचे ते धागे आहेतच, ते बळकट कर.

याचा अर्थ दुःखाची रास रचावी असा नव्हे. अकराव्या प्रकरणातला अपघात मला अनावश्यक वाटला. वडिलांची बेकारी आणि आईचे आजारपण एवढे ओझे तिच्या खांद्यांना पुरेसे आहे. नवव्या प्रकरणातले आत्याचे धीराचे भाषणही काढून टाक. त्याआधी आत्या काही न बोलता भांडी घासायला बसते, तिथे सगळे सांगून झालेले आहे.

एक गोष्ट मात्र मला शोधूनही सापडली नाही. थोबाडीत मारल्यानंतर ती वही कादंबरीत पुन्हा दिसतच नाही. शेऱ्याचे आणि गाडीचे ते पान तिने फाडले, की उरलेल्या जागेत गणिते सोडवली? ते लिहून झाले की तेवढीच पाने आधी मला पाठव. मी वाट पाहत आहे.

तुझा,
श्रीधर