नर्स आहेत, नेमणूकपत्रं कुठं आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेतल्या खासगी रुग्णालयांना नर्स मिळत नाहीत, मुली येतात आणि दोन-चार महिन्यांत सोडून जातात, अशी बातमी आपल्या अंकात वाचली. डॉक्टरांची मतं आहेत, रुग्णालय चालवणाऱ्यांची आहेत. एकाही नर्सला कुणी काही विचारलेलं दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. आता आमच्या भागातल्या मुली ऑनलाइन फॉर्म भरायला, बायोडाटा नीट करून घ्यायला माझ्याकडं येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या असतात, कधी सीमेपलीकडून अथणी-कागवाडच्याही असतात. कुणाचे वडील ऊसतोडीला जातात, कुणाची दोन एकर द्राक्षबाग असते आणि तिच्यावर कर्ज काढून पोरीची जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेची, तीन वर्षांची फी भरलेली असते. या सगळ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नोंदणी झालेल्या मुली आहेत आणि त्यांना काम हवंय. त्यांना काय काम मिळतं, ते आधी लिहिते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी चाळीसेक खाटांच्या एका रुग्णालयात मुलाखतीला गेली. पहिला प्रश्न आला, लग्न ठरलंय का? दुसरा, नाईटला घरचे सोडतील ना? सलाईन लावता येतं का, व्हेंटिलेटरवरचा पेशंट कधी सांभाळलाय का, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. पहिले तीन महिने ‘ट्रेनी’ म्हणून सहा हजार, नंतर नऊ. ड्युटी आठ ते आठ. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करायची आणि दोन वर्षांच्या आत सोडलं तर पन्नास हजार भरायचे, असं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. तिनं नेमणूकपत्र मागितलं तर आमच्याकडं तशी पद्धत नाही म्हणाले. म्हणजे मुलीनं द्यायचं ते सगळं लेखी आणि रुग्णालयानं द्यायचं ते सगळं तोंडी.

घरी हप्ता थांबला होता, म्हणून ती लागली. रात्री वीस-बावीस पेशंट आणि सोबत एक मावशी. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक नर्स असं आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागं एक. एका रात्री दोन पेशंट एकाच वेळी बिघडले. दोन्हीकडं पळताना एकाचं इंजेक्शन अर्धा तास उशिरा गेलं आणि सकाळी नातेवाइकांसमोर बोलणी खावी लागली ती तिलाच. चौथ्या महिन्यात तिनं सोडलं. प्रमाणपत्रं तरीही अडकून पडली. तिचे वडील गावच्या सरपंचांना घेऊन दोनदा गेले, तेव्हा कुठं कागद हाती आले. अनुभवाचा दाखला मात्र दिलाच नाही, त्यामुळं पुढच्या ठिकाणी ती पुन्हा ‘फ्रेशर’ आणि पुन्हा ट्रेनी. आपल्या बातमीतल्या ‘सोडून जाणाऱ्या मुलीं’मध्ये तीही मोजली गेली असेल. मूळ प्रमाणपत्रं अशी अडकवून ठेवू नयेत आणि नोकरीचे बाँड लिहून घेऊ नयेत, असं भारतीय परिचर्या परिषदेनं सांगूनही कितीतरी वर्षं झाली.

पगाराचंही तेच. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 29 जानेवारी 2016 रोजी आदेश दिला आणि केंद्राला समिती नेमायला लावली. समितीनं खाटांप्रमाणं हिशेब घालून दिला. रुग्णालय दोनशेच्या वर खाटांचं असेल तर राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार. शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी. पन्नासच्या आतल्या छोट्या रुग्णालयातही 20,000 रुपयांच्या खाली जायचं नाही. हे 2016 सालचे वीस हजार. आमची पोर त्यानंतर इतक्या वर्षांनी नऊ हजारांवर लागली. शिफारशी अमलात आणणं केंद्रानं राज्यांवर सोपवलं होतं. केरळच्या नर्स रस्त्यावर उतरल्या, तिथल्या सरकारनं एप्रिल 2018 मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढली आणि जीएनएम नर्सला वीस हजारांचा पाया मिळाला. आपल्याकडच्या मुलींना अजून त्याची वाट बघावी लागतेय. मे 2020 मध्ये मुंबईत कोरोनाचा कहर झाला, तेव्हा महाराष्ट्रानं केरळकडंच 50 डॉक्टर आणि 100 नर्स मागितल्या होत्या. त्याच काळात आपल्याही मुली कोविड सेंटरमध्ये पीपीई किट घालून कंत्राटावर राबल्या आणि लाट ओसरल्यावर घरी बसल्या. त्यातल्या दोघी अजून माझ्याकडं फॉर्म भरायला येतात.

खासगीत नाही तर सरकारीत जा, असं सगळेच सांगतात. मी स्वतः सरकारी नोकरीत आयुष्य काढलं, तिथली पगाराची आणि पेन्शनची किंमत मला कळते. पण तिथं शिरायचं कसं? 2021 ची आरोग्य विभागाची भरती आठवा. सप्टेंबरात परीक्षा आदल्या रात्री पुढं ढकलली, तेव्हा लांबच्या केंद्रांवर निघालेल्या मुली एसटीत बसल्या होत्या. ऑक्टोबरात परीक्षा झाली, पेपर फुटल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात बाहेर आलं आणि शेवटी सगळी भरतीच रद्द झाली. पुढची 10,949 पदांची जाहिरात आली ती ऑगस्ट 2023 मध्ये. खुल्या प्रवर्गाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. महिन्याला नऊ हजार मिळवणाऱ्या मुलीनं वर्षभरात अशा तीन-चार जाहिरातींना फॉर्म भरला, तर पगाराचा केवढा भाग त्यातच जातो बघा. बारा तासांची ड्युटी करून आलेल्या मुलीनं नर्सिंगच्या जोडीला मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनाचा अभ्यास करायचा आणि क्लास लावून घरी बसलेल्यांशी स्पर्धा करायची. वॉर्डात जितकी जास्त राबेल तितकी ती परीक्षेत मागं पडते, याचं मला फार वाईट वाटतं.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या नर्स अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. दहा वर्षं झालेल्यांना नियमित सेवेत घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 चा आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट 2025 मध्ये संपावर जावं लागलं. माझ्या ओळखीची एक जण या अभियानातच चाळिशी ओलांडून गेली. आता दुसऱ्या सरकारी भरतीसाठी तिचं वय बसत नाही.

नर्सिंग केलेल्या मुलग्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. एम्ससारख्या संस्थांत ऐंशी टक्के जागा महिलांना आणि वीस टक्के पुरुषांना, असं ठरलेलं आहे. खासगीत ‘ब्रदर’ हवा असतो तो कॅज्युअल्टीत आणि ऑपरेशन थिएटरमध्ये, तेही एखाद-दुसराच. उमदीकडचा एक हुशार मुलगा जीएनएम करून आता औषधं पोचवण्याचं काम करतो.

परदेशाबद्दल एवढंच लिहिते की संधी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सही येतात. पण तिथं जर्मन भाषा यावी लागते आणि आखाती देशांच्या जाहिराती दोन वर्षांचा मोठ्या रुग्णालयातला अनुभव मागतात. दाखलाच मिळाला नाही तर तो अनुभव दाखवायचा कसा? मग एजंट गाठतात आणि तीन-तीन लाख मागतात. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पालकांनी पैसे देण्याआधी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर एजंटाची नोंदणी बघावी, ही माझी हात जोडून विनंती.

आता नर्स मिळत नाहीत तरी रुग्णालयं चालतात कशी, ते सांगते. सहा महिन्यांचा कुठलासा कोर्स केलेली, कधी तोही न केलेली बारावी पास पोर पांढरा एप्रन घालून उभी करतात. पाच-सहा हजारांत ती इंजेक्शनं देते, कॅथेटर घालते. नातेवाईक तिलाही सिस्टरच म्हणतात, त्यांना फरक कळायचा कसा? मी त्या पोरींना दोष देत नाही, त्यांनाही पोट आहे. पण नोंदणीकृत मुलीचा पगार खाली राहतो तो या सोयीमुळंच, आणि चुकीच्या डोसचा धोका बेडवर पडलेल्या माणसाला असतो. शुश्रूषागृह नोंदणीचा 1949 चा कायदा सांगतो की पात्र नर्सचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. ही नोंदणी दर तीन वर्षांनी नव्यानं करावी लागते. तेव्हा नर्सच्या नोंदणी प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या जातात. त्यातल्या काही मुली ते रुग्णालय सोडून कधीच गेलेल्या असतात.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक रुग्णालयानं रिसेप्शनजवळ, दरपत्रक लावतात तिथंच, त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या नर्सची नावं आणि परिचर्या परिषदेचे नोंदणी क्रमांक लावावेत. महापालिकेचे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचे तपासनीस येतील, तेव्हा त्यांनी कागद बघून न थांबता वॉर्डात जाऊन त्या मुलीला भेटावं आणि बँकेत किती पगार जमा होतो ते विचारावं. याला नवा कायदा लागत नाही. छोट्या रुग्णालयांना हा खर्च झेपत नाही, असं माझ्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणतात. त्यांची अडचण मला कळते, ते माणूसही चांगले आहेत. पण एक्स-रे मशीन झेपत नाही म्हणून कुणी नुसत्या डोळ्यांनी हाड बघत नाही, मशीनसाठी कर्ज काढतात. नर्सच्या पगाराची तरतूदही रुग्णालय सुरू करतानाच करायला हवी.

मिरजेत डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं विश्वासानं इथं उपचाराला येतात. या विश्वासात नर्सचा वाटा मोठा आहे. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सिस्टर हातातला पेशंट दुसरीच्या हवाली केल्याशिवाय वॉर्ड सोडत नसत. आजच्या मुलीही तशाच आहेत, मी बघते ना त्यांना.

माझ्याकडं आज अशा डझनभर मुलींचे बायोडाटा आहेत, नोंदणी क्रमांकासकट. दोघींना आयसीयूचा अनुभव आहे. एक प्रसूतिगृहात काम केलेली आहे, तिचं बाळ आता दोन वर्षांचं झालंय आणि तिला फक्त दिवसपाळी हवी आहे. आपल्या बातमीत ज्यांनी नर्स मिळत नाहीत असं सांगितलं, त्यांनी लेखी नेमणूकपत्र, आठ तासांची पाळी आणि शिफारशीप्रमाणं पगार देण्याची तयारी दाखवली, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. मी मुलींना लगेच पाठवते.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, मिरज
(माझी भाची इथल्याच एका खासगी रुग्णालयात कामाला आहे, म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)