नाना, जुलाब लागले म्हणून पाणी बंद करू नका

आई, नाना,

फोनवर हे बोलायला घेतलं की नाना "बरं बरं, ठेव आता" म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहितेय. ऊन उतरल्यावर ओट्यावर बसून निवांत वाचा. आईला मोठ्याने वाचून दाखवा नाना, तिचा चष्मा अजून बदललेला नाही हे मला माहितीये.

मे महिन्यातला तो गुरुवार माझ्या डोक्यातून जातच नाही. बाजूच्या काकूंच्या मुलाचा फोन आला, ताई नानांच्या पोटऱ्यांत गोळे येताहेत, उभे राहिले की अंधारी येतेय, आणि मग कळलं की तीन दिवसांपासून जुलाब चालू आहेत. तीन दिवस! रोज रात्री आपलं बोलणं होत होतं आणि रोज मला "सगळं बरं आहे" ऐकायला मिळत होतं. पारा 45 ला टेकलेला, केळीची कापणी चालू, आणि तुम्ही पाणी बंद करून बसलेले, कारण काय तर पाणी पिलं की अजून लागतं. दोन दिवस नुसता कोरा चहा, मग चक्कर आली म्हणून माठातलं साधं पाणी तांब्याने. मी नाशिकहून निघाले आणि गाडीतच रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला, सोडियम 128, पोटॅशियम 2.7. लॅबमध्ये असे आकडे मी रोज बघते नाना, सोडियम 135 च्या वर पाहिजे, पोटॅशियम 3.5 च्या वर. पण वरती तुमचं नाव होतं आणि माझे हात गार पडले. पोटॅशियम असं उतरत गेलं की गोळ्यांवर भागत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात.

आता "पाणी पिलं की अजून लागतं" याचं. तुमचे बाबा पण हेच म्हणायचे, गावात अजून सगळे हेच म्हणतात, तुमचा दोष नाही. पण ते खरं नाहीये आणि का नाही ते मला तुम्हाला नीट सांगायचंय.

आपण पाणी, चहा, वरण, भाजी मिळून दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पोटात घालतो. पण त्याच्यावर शरीर स्वतःच अजून सातेक लिटर आतड्यात सोडतं, लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्वतःचा रस. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर! त्यातलं बहुतेक सगळं लहान आतडं परत रक्तात ओढून घेतं, मोठ्या आतड्यापर्यंत दीडेक लिटर पोचतं, ते पण मोठं आतडं ओढून घेतं आणि शेवटी संडासवाटे जेमतेम 100-200 मिली जातं. म्हणून जुलाबात जे पाणी जातं ना, ते तुम्ही प्यालेलं तांब्याभर पाणी नसतं, ते शरीराचंच असतं जे परत आत यायला पाहिजे होतं. तुम्ही पिणं बंद केलं तरी आतून सुटणं थांबत नाही. फक्त भरपाई थांबते.

आणि आतडं पाणी ओढतं कसं, तर पाण्याला ओढणारं वेगळं काही नसतंच, आतडं मीठ ओढतं आणि मिठामागे पाणी जातं. आई, तू लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ लावून परातीत ठेवतेस आणि तासाभरात खाली पाणी सुटलेलं असतं, अगदी तेच. मीठ जिकडे, पाणी तिकडे.

बिघाड झाला की दोन गोष्टी होतात. कधी कधी जंतू आतड्याच्या आतलं बारीक लवीसारखं अस्तर खराब करतात. नाना, केळीला मर लागली की बागेत ठिबक चालू असतं, बुंध्याशी ओल असते आणि तरी पानं पिवळी पडून लोंबतात, कारण पाणी असून वर चढत नाही, तसंच हे. आणि कधी कधी जंतूचं विष आतड्याला उलटंच कामाला लावतं, ओढायचं सोडून ते शरीरातलं मीठ-पाणी आतड्याच्या पोकळीत ओतायला लागतं. पटकीमध्ये, म्हणजे कॉलऱ्यात, हेच होतं. ते विषच हे करतं हे आपल्याच देशात, कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवलं.

पण आता हे नीट ऐका. एवढं सगळं बिघडलं तरी एक दार बहुतेक वेळा उघडं राहतं. साखर आणि मीठ जोडीने आलं की आतडं दोघांना हाताला धरून आत घेतं, साखरेच्या एका कणामागे मिठातल्या सोडियमचे दोन, आणि त्यांच्यामागे पाणी. नुसतं पाणी त्या दारातून जात नाही, नुसतं मीठही नीट जात नाही, जोडीच लागते. ओआरएसची अख्खी करामत एवढीच आहे. 1971 मध्ये बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते, सलाईन संपत आलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून घरच्याच लोकांच्या हाती दिलं, आयांनी, बहिणींनी वाटीवाटीने पाजलं. शंभरातली तीसच्या घरात माणसं जात होती, तिथे मरण्याचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. 2023 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, पण ते आधीच्याच वर्षी गेले होते. हे वाचताना मला सारखं वाटत होतं, छावणीतल्या चिखलात बसून बाईला जे जमलं ते आपल्या घरात, माठ, मीठ, साखर सगळं हाताशी असताना झालं नाही.

त्या दिवशी मेडिकलवाल्याने "हे ओआरएसच आहे" म्हणून गोड पाण्याचा डबा दिला, तो परत आणू नका. त्यात साखर जास्त आणि मीठ कमी असतं, न ओढली गेलेली साखर आतड्यात बसून उलट पाणी खेचते, पुन्हा कैरीचंच. 2025 मध्ये सरकारने असल्या डब्यांवर ओआरएस लिहायला बंदी घातलीये, पण तोंडी कोण काय सांगेल काय भरवसा. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघा आणि लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, अख्खी. ग्लासभर पाण्यात चिमूटभर पुडी टाकून नाही हं आई. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, पोह्याचा नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं फेकून नवीन करायचं. सोबत भाताची पेज, मीठ घातलेलं ताक, आणि केळी तर आपल्या घरात घडाने असतात, पोटॅशियम त्यातच असतं. दूध मात्र तीन-चार दिवस जरा जपून, अस्तर खरवडलं गेलं की दुधातली साखर पचत नाही, नवीन अस्तर यायला तेवढे दिवस लागतातच.

नाना, तुमची बीपीची गोळी लघवीवाटे मीठ-पोटॅशियम काढणारी आहे. जुलाबात ती चालू राहिली म्हणून पोटॅशियम एवढं घसरलं असं डॉक्टर म्हणाले. मनाने बंद करू नका पण पहिल्याच दिवशी त्यांना फोन करून विचारा. आणि तहान लागली नाही म्हणून पाण्याची गरज नाही असं समजू नका, ह्या वयात तहान कळतच नाही नीट. लघवी गडद झाली, कमी झाली, रक्त पडलं, ताप आला, की गाडी करायची, सकाळची वाट बघायची नाही.

आता आई, तुझं. टीबीच्या वेळी तुझं लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलं. पित्तातले क्षार परत ओढून घ्यायची खरी जागा तीच, ते आता तसेच मोठ्या आतड्यात जातात आणि मोठं आतडं पाणी सोडायला लागतं. जेवलं की पळावं लागतं ते ह्याच्यामुळे, तू काही चुकीचं खातेस म्हणून नाही. तू मांडे सोडलेस, भरीत सोडलंस, मामाच्या मुलीच्या लग्नाला गेली नाहीस आणि मला सांगितलंस गुडघा दुखतोय. मला कळलं होतं गं. ते क्षार धरून ठेवणारी, पाण्यात कालवायची ती पावडर घे रोज, फक्त बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी नाहीतर चार-सहा तासांनी, नाहीतर ती त्या गोळ्याच धरून ठेवते. बी-12 पण त्याच टोकातून ओढलं जायचं, तेव्हा इंजेक्शन चुकवायचं नाही. मागचं चुकलंय, कार्ड मी बघितलं.

फडताळात बिबड्यांच्या डब्याशेजारी दहा पुड्या ठेवल्यात, रबर लावून. कानबाईला येतेय, तेव्हा मोजेन. आणि रविवारी फोन केला की नाना, पोट कसं आहे विचारल्यावर "बरं आहे" नाही, किती वेळा गेलात ते सांगा.

तुमची,
ताई